पायपीट म्हणजे भटकंती नव्हे

‘चालण्याजोगं शहर’ हा शब्दप्रयोग मला आताशा ऐकवत नाही. रविवारच्या पुरवण्यांत तो असतो, नव्या गृहसंकुलांच्या जाहिरातींत असतो, आणि गेल्या काही वर्षांत आपल्यासारख्यांच्या वाङ्मयीन नियतकालिकांतही शिरला आहे. शहरातून निरुद्देश हिंडणाऱ्या लेखकाचा एक ललितलेख दर दुसऱ्या अंकात सापडतोच. त्यात बोदलेअर येतो, वाल्टर बेंजामिन येतो, पॅरिसच्या काचेच्या छताखालच्या बाजारगल्ल्या येतात, मग आपल्याकडचा एखादा म्हातारा चहावाला येतो आणि लेख संपतो. असा एक लेख मीही लिहिलेला आहे. तेव्हा हे भांडण घरातलंच समजावं.

भांडणाला निमित्त झालं ते २०२५च्या १५ ऑगस्टचं. तो शुक्रवारी आला. माझी भाची पुण्यात नोकरी करते, तिचा फोन आला, “मावशी, तीन दिवस मिळतायत. कोलकात्याला जाऊ. गाडी नाही, कॅब नाही, नुसतं चालायचं. भारतातलं सगळ्यात चालण्याजोगं शहर आहे म्हणे.” मी हैदराबादला असते. निवृत्त आहे, डावा गुडघा कुरकुरतो, पण भाचीला नाही म्हणवत नाही. ती पुण्याहून आणि मी इथून, दोघी विमानाने गेलो. मोटारीवाचूनच्या सुटीची सुरुवात विमानाने झाली याबद्दल आमच्यापैकी कुणीही अवाक्षर काढलं नाही.

आधी कबूल करून टाकते की कोलकाता मला फार आवडलं. विमानतळावरून बसने धर्मतल्याला उतरलो आणि त्यानंतर तीन दिवस रस्ता कधी कंटाळवाणा झाला नाही. याचं कारण काही रुंद, गुळगुळीत पदपथ नव्हेत. पदपथ उखडलेले आहेत, कडेला पाण्याचे नळ वाहतात, सकाळी त्यांच्याखाली माणसं अंघोळ करत असतात. कारण असं की तिथे रस्त्याला लागून घरं आहेत आणि घराच्या तळमजल्यावर काही ना काही चाललेलं आहे. एका दारात छापखाना, पुढच्या दारात मिठाईवाला, मग होमिओपॅथीचा दवाखाना, मग नुसताच ‘रोक’, म्हणजे घराबाहेरचा सिमेंटचा कट्टा, आणि त्यावर चार म्हातारे. कॉलेज स्ट्रीटवर पुस्तकांच्या टपऱ्या कुंपणाला टेकून उभ्या आहेत. दर पन्नास पावलांवर बसता येतं, खाता येतं, कुणाला तरी विचारता येतं. कंपाउंडच्या भिंती नाहीत. हैदराबादला माझ्या घरापासून दीड किलोमीटर चाललं तर त्यातला अर्धा रस्ता मी कुणाच्या तरी भिंतीशेजारून चालते. भिंतीशेजारून चालताना माणूस दमतो, हे मला साठी ओलांडल्यावर कळलं.

भाचीच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ होतं. पहिल्या संध्याकाळी तिने जाहीर केलं, अठरा हजार. दिवसाला दहा हजार पावलांचा हा आकडा कुठल्या वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावात तो होता. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “मावशी, तू ना.”

आता मूळ मुद्दा. मराठीत चालण्याला शब्द पुष्कळ आहेत. शतपावली आहे, फेरफटका आहे, रपेट आहे. पण दोन शब्द मला या तीन दिवसांत सतत एकमेकांशेजारी दिसत राहिले: भटकंती आणि पायपीट. भटकंती आपण करतो. पायपीट आपल्याला पडते. भटकंतीवर पुस्तकं निघतात. पायपिटीवर फार तर सहानुभूतीचं एखादं वाक्य. आणि चालण्याजोग्या शहरांच्या ज्या याद्या निघतात, त्या सगळ्या भटकंतीवाल्यांनी भटकंतीवाल्यांसाठी केलेल्या असतात. ज्याच्या घरी गाडी उभी आहे आणि जो ती तीन दिवस घरी ठेवून आला आहे, त्याला शहर कसं वाटलं, एवढंच त्या याद्या सांगतात. २०११च्या जनगणनेने कामावर जाणाऱ्यांना विचारलं होतं, कसे जाता? शेतीबाहेरची कामं करणाऱ्यांत पायी जाणारे लोक मोटारीने जाणाऱ्यांच्या किती तरी पट निघाले. म्हणजे या देशातलं प्रत्येक शहर रोज चाललं जातंच आहे. धारावी, नागपूरचं इतवारी, हैदराबादचं बेगमबाजार, कुठलंही घ्या. ते चालण्याजोगं आहे की नाही हे चालणाऱ्याला कुणी विचारलेलं नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. सरकारी आकडा आहे. भागून पाहिलं तर दिवसाला नव्वदच्या आसपास पडतात. एवढी माणसं एखाद्या आजाराने रोज मेली असती तर आपण दारं लावून घरात बसलो असतो.

दुसऱ्या दिवशी जन्माष्टमी होती, म्हणून पंधराच्या सकाळीच हावडा पुलाखालचा मल्लिक घाटाचा फुलबाजार फुटून वाहत होता. झेंडूच्या माळांची वेटोळी डोक्यावर घेतलेली माणसं जिना चढून पुलावर येत होती. आम्ही पुलावर पायीच गेलो. भाची फोटो काढायला थांबली आणि मागून एका हमालाने ओरडून तिला बाजूला केलं. त्याच्या डोक्यावर ओझं होतं, त्याला थांबणं परवडणारं नव्हतं. त्या पुलावर हिंडायला आलेल्या फक्त आम्ही दोघीच असू.

हा पूल १९४३ साली उघडला. महायुद्ध चालू होतं, बंगालात दुष्काळ येऊन ठेपला होता, राज्य परक्यांचं होतं. तरी त्या पुलाला ७१ फूट रुंदीचा वाहनरस्ता आणि दोन्ही बाजूंना १५-१५ फुटांचे पदपथ आहेत. पंधरा फूट! आता आपले पूल पाहा. २००९ साली आपण मुंबईत वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधला. त्यावर पायी जायला मनाई. २०२४च्या जानेवारीत शिवडीहून न्हावा-शेव्याला जाणारा जवळजवळ २२ किलोमीटरचा अटल सेतू उघडला. त्यावर पायी तर नाहीच, दुचाकीलाही मनाई. कुणी म्हणेल, बावीस किलोमीटर समुद्रावरून कोण चालणार आहे? आळंदीहून पंढरपूरला दोनशेहून जास्त किलोमीटर चालत जाणाऱ्यांच्या मुलखात हा प्रश्न विचारला जावा याची मला गंमत वाटते. बरं, अटल सेतू सोडा. वांद्रे-वरळी तर साडेपाच किलोमीटरच आहे. तिथे संध्याकाळी वारा खायला अख्खी मुंबई लोटली असती. परक्यांनी ज्यांच्यासाठी पंधरा फूट राखून ठेवले, त्यांच्यासाठी आपण एक फूटही ठेवला नाही. उलट २००८पासून मुंबईत त्यांच्यासाठी आकाशमार्गिका बांधल्या, म्हणजे जमीन मोटारींना मोकळी आणि चालणाऱ्याने जिने चढायचे. गुडघेदुखीच्या माणसाला जिना म्हणजे काय, हे आराखडा काढणाऱ्याला पन्नाशीनंतर कळतं. तोवर पूल बांधून झालेला असतो.

बागबाजारात मला एक गल्ली पाहायची होती. भाचीला कुमारटुलीत दुर्गेच्या मूर्ती पाहायच्या होत्या. ऑगस्टमध्ये त्या पेंढ्याच्या आणि ओल्या मातीच्या असतात, अजून डोळे नसतात. तिथून बागबाजार जवळच आहे. गल्लीचं नाव मराठा डिच लेन. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, तेव्हा घाबरून कलकत्त्यातल्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा ठरला होता, तीनेक मैल खणून झाला. मराठे कलकत्त्यात आलेच नाहीत. बंगालच्या बाकी मुलखात मात्र आले आणि त्यांनी तिथे जे केलं त्याबद्दल आपण शाळेत फारसं शिकत नाही. बंगाली आया अजूनही अंगाईगीतात मुलांना बर्गी आल्याचं सांगून झोपवतात. गल्लीच्या तोंडाशी एका मिठाईवाल्याने आम्हाला विचारलं, कुठून आलात? भाची म्हणाली, महाराष्ट्र. तो हसला आणि म्हणाला, “बर्गी!” आणि मग एक-एक संदेश फुकट दिला.

बर्गी म्हणजे आपला बारगीर. ज्याचा स्वतःचा घोडा तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारातून मिळालेला तो बारगीर. मला त्या गल्लीत उभ्याउभ्या वाटलं की आपला अख्खा मध्यमवर्ग आता बारगीर झालेला आहे. घोडा बँकेचा, हप्ता महिन्याचा आणि तोरा शिलेदाराचा. (बंगालात मराठी माणूस दुसऱ्या प्रकारेही पोचला होता. सखाराम गणेश देऊस्कर हा देवघरकडच्या मराठी घराण्यातला माणूस बंगालीत लिहीत असे. त्याचं ‘देशेर कथा’ १९०४ साली आलं आणि १९१० साली इंग्रज सरकारने ते जप्त केलं. पण अंगाईगीतात त्याचं नाव नाही.) तो खंदक पुढे बुजवला आणि त्याच्या रेषेवर सर्क्युलर रोड झाला. आज त्या रस्त्याला आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र बोस यांची नावं आहेत, आणि त्याच्या एका भागावर उड्डाणपूल आहे. ज्या रेषेवर वेगाने येणाऱ्या स्वारांना थोपवायचं होतं, ती रेषा ओलांडायला मला आणि भाचीला सात-आठ मिनिटं लागली. आमच्याबरोबर कडेवर मूल घेतलेली एक बाई होती. ती न थांबता हात वर करून सरळ निघाली. आम्ही तिच्या मागून गेलो.

शनिवारी दुपारी पाऊस आला. कॉलेज स्ट्रीटवरून आम्ही उत्तरेकडे निघालो होतो, ठनठनिया कालीबाडीच्या बाजूला. त्या भागात पाणी साचतं हे कोलकात्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आमच्या यादीत ते नव्हतं. पाऊण तासात पाणी पोटऱ्यांच्या वर गेलं. खाली रस्ता दिसेना, कुठे खड्डा, कुठे उघडं गटार, काही कळेना. बस बंद, टॅक्सी बंद. मी एका वह्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभी होते आणि गुडघ्याने संप पुकारला होता. चालू होत्या त्या फक्त हाताने ओढायच्या रिक्षा. त्यांची चाकं उंच असतात, म्हणून साचलेल्या पाण्यात तेवढ्याच चालतात. एकजण दांड्यावर घंटी वाजवत आला. शंभर रुपये म्हणाला.

भाची म्हणाली, “मी नाही बसणार. माणसाने माणसाला ओढायचं, हे मला जमणार नाही.”

मी बसले.

ते आसन उंच असतं. वर बसल्यावर मला त्या माणसाच्या मानेचा मागचा भाग दिसत होता, आणि शेजारून पाण्यातून चालत येणारी माझी भाची. ती चपला हातात घ्यायला तयार नव्हती, काच लागेल म्हणून. रिक्षावाला बिहारचा, मोतिहारीकडचा. त्याने मागे न बघता विचारलं, “बिटिया नहीं बैठेगी?” मी म्हटलं, नाही. “ठीक है,” तो म्हणाला, “दोनों का भी सौ ही लेते.” पुढे काही बोलला नाही. पाण्यातून पाय टाकताना तो आधी अंगठ्याने चाचपत होता.

रात्री खोलीवर आमचं कडाक्याचं वाजलं. ती म्हणाली, तू त्याच्या मानेवर बसून आलीस. मी म्हटलं, मग त्याने आज काय खायचं होतं? ती म्हणाली, हा युक्तिवाद गुलामगिरीच्या बाजूनेही केला जायचा. हे खरं आहे, मला उत्तर सुचलं नाही. मग मी म्हटलं, तुला एवढं वाटलं तर शंभर रुपये नुसतेच द्यायचे होतेस. ती म्हणाली, ती भीक झाली असती. हेही खरं.

आठवडाभरापूर्वीच, ६ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं होतं. माथेरान हे आपलं एकमेव मोटारबंद गाव, आणि आपण ते किती अभिमानाने सांगतो! दस्तुरी नाक्यापुढे गाडी नाही, तांबडी माती, शुद्ध हवा. पण पाहुण्यांचं सामान आणि पुष्कळदा पाहुणेही त्या तांबड्या मातीवरून माणसांनीच ओढले आणि ज्यांना रिक्षा ओढावी लागली, त्यांच्यासाठी मोटार बंद असणं ही काही निसर्गरम्य गोष्ट नव्हती. निकाल योग्य आहे. भाचीची बाजू न्यायालयाने घेतली असं म्हणायला माझी हरकत नाही. मात्र कोलकात्यात २००६ सालीच विधानसभेने या रिक्षा बंद करणारं विधेयक मंजूर केलं होतं, आणि मी एकोणीस वर्षांनी त्यातल्याच एकीत बसले. बंदी घातली, पण ओढणाऱ्याला दुसरं काम आणि पाणी साचणाऱ्या गल्लीला दुसरं वाहन दिलं नाही, की असंच होतं. ‘मोटार नाही’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोकळा रस्ता येतो. मोटार नसलेल्या ठिकाणी ओझं कुणाच्या अंगावर जातं, हा प्रश्न याद्या करणारे विचारत नाहीत. आम्हीही तो पाऊस येईपर्यंत विचारला नव्हता.

आणखी एक गोष्ट याद्यांत नसते. रात्र. आदल्या वर्षी १४ ऑगस्टच्या मध्यरात्री याच शहरात हजारो बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. एका सरकारी रुग्णालयात कामावर असलेल्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतरची ती रात्र. त्यांनी त्याला नाव दिलं होतं रात दखल, रात्रीचा ताबा. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली मुंबईतल्या बायकांबद्दल ‘व्हाय लॉयटर?’ लिहिलं, तेव्हा त्यांचं म्हणणं साधं होतं: बाईला काही काम नसताना रस्त्यावर रेंगाळता आलं पाहिजे. निरुद्देश हिंडणारा तो बोदलेअरचा नायक पुरुष का असतो, हे आपल्या ललितलेखकांनी एकदा स्वतःला विचारावं. आम्ही दोघी साडेनवाला खोलीवर परतत होतो. शिवाय दिवसाचा अर्धा आराखडा आम्ही स्वच्छतागृह कुठे मिळेल यावर बेतला होता, हेही लिहून ठेवते. असल्या लेखांत ते कधी येत नाही.

आता फेरीवाल्यांकडे. गडियाहाटला मला पदपथ सोडून रस्त्यावर उतरावं लागलं, कारण पदपथ साड्या आणि स्टीलच्या भांड्यांनी भरलेला होता. मागून मिनीबस आली. त्या क्षणी माझ्याही मनात फेरीवाल्यांबद्दल फार उदार विचार नव्हते. १९९६च्या नोव्हेंबरात डाव्या आघाडीच्या सरकारने ‘ऑपरेशन सनशाइन’ नावाने हे फेरीवाले उठवले होते, चालणाऱ्यांच्या नावाने. गरिबांचं सरकार म्हणवणाऱ्यांनी! ते परत आले, कारण त्यांचं गिऱ्हाईक तिथूनच चालत जातं. आणि गडियाहाटहून पुढे गेल्यावर, फेरीवाले नसलेल्या बाजूच्या गल्लीत, मी पदपथावरून पुन्हा खाली उतरले, कारण तिथे मोटारी चढवून ठेवलेल्या होत्या. एका उभ्या मोटारीच्या जागेत तीन-चार फेरीवाले आरामात मावतील. मोटार उठवायला मात्र कुणी रात्री बुलडोझर घेऊन येत नाही.

पदपथाबद्दल सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल मला एकत्र ठेवून वाचावेसे वाटतात. पहिला १९८५चा, ओल्गा टेलिस. मुंबईतल्या पदपथांवर राहणारी माणसं न्यायालयात गेली. न्यायालयाने म्हटलं, घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. आणि तरीही त्यांना हटवायची मुभा दिली, पावसाळ्यानंतर. दुसरा मे २०२५चा: पदपथ वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्कही त्याच एकविसाव्या कलमात येतो. कलम एक आणि पट्टीही एक. झोपणारा, विकणारा आणि चालणारा, तिघांनाही त्या सहा फुटांत जगण्याचा हक्क दिला आणि उरलेला साठ फूट रस्ता ज्याच्याकडे आहे, त्याच्या हक्काला कुणी हातच लावला नाही. तिघांनी आपसात भांडावं अशी ही वाटणी आहे आणि आम्ही इमानेइतबारे भांडतो. रविवारी सकाळी सहाला पदपथावर झोपलेल्या माणसांना वळसा घालून आम्ही चहाला गेलो, तेव्हा भाची म्हणाली, “आपण यांच्या खोलीतून चाललोय ना गं?”

ट्रामचं काय सांगू. कलकत्त्यात पहिली ट्राम १८७३ साली धावली, घोड्यांची. विजेची १९०२ साली. २०२४ साली राज्य सरकारने जाहीर केलं की एस्प्लनेड ते मैदान एवढा वारशाचा तुकडा ठेवून बाकी बंद करू, वाहतुकीची कोंडी होते म्हणून. शहरातल्या कोंडीला ट्राम जबाबदार! याच शहरात २०१३च्या सुमारास पावणेदोनशेच्या घरात रस्त्यांवर सायकलला बंदी होती, कारण तेच. चालणाऱ्याच्या दृष्टीने ट्राम ही फार सभ्य गोष्ट आहे. ती कुठून जाणार हे रुळांवरून आधीच दिसतं. ती अंगावर येत नाही, तिच्यात चढायला जिना लागत नाही. वारशाचा तुकडा ठेवू म्हणतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. कारण मग ती कामावर जाणाऱ्याची राहत नाही, आमच्यासारख्यांची होते. पुण्यातही २०२१पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद करून पादचारी दिन करतात. लोक सतरंज्या टाकून खेळतात, फोटो काढतात. १२ डिसेंबरला त्याच रस्त्यावरून आजींना पलीकडे जायला कुणाचा तरी हात धरावा लागतो.

म्हणून माझा राग कोलकात्यावर नाही, त्या मिठाईवाल्यावर नाही, भाचीवर तर नाहीच. आपल्या वर्गावर आहे. आपण आपल्या गावात उड्डाणपुलाला टाळ्या वाजवतो, सोसायटीच्या फाटकासमोरचा फेरीवाला उठवायला सह्या गोळा करतो, दुसरी गाडी घेतो, पदपथ कापून रस्ता रुंद झाला की बरं झालं म्हणतो आणि मग वर्षातून दोनदा तिकीट काढून अशा गावी जातो जिथे हे सगळं अजून पुरतं झालेलं नाही. तिथे चालून घेतो. परत येऊन त्यावर लिहितो. साहित्यिकांनी तरी आता या भटकंतीला थोडी विश्रांती द्यावी आणि स्वतःच्या घरापासून भाजीबाजारापर्यंतच्या रस्त्याबद्दल लिहावं. तो लेख कुरूप होईल, कबूल.

मी रविवारी रात्री हैदराबादला परतले. विमानतळाच्या बसने मला घरापासून सहाशे पावलांवर सोडलं. मधे एक मोठा रस्ता आहे. दहा वाजले होते, सिग्नल नव्हता, दुभाजकाला कुंपण होतं. तीन दिवस कोलकात्यात मैलोन्‌मैल चाललेल्या मी तिथे रिक्षा केली. रिक्षावाल्याने यू-टर्नसाठी पाऊण किलोमीटर जाऊन मला समोर दिसणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी आणून सोडलं. साठ रुपये.

आठवड्याने भाचीचा फोन आला. तिने ऑफिसला चालत जाऊन पाहिलं होतं. साडेतीन किलोमीटर. पहिल्या किलोमीटरात पदपथ तीनदा संपला, एकदा विजेच्या खांबापाशी, एकदा एका हॉटेलाच्या स्कूटर लावायच्या जागेपाशी, आणि एकदा नुसताच. ती परत फिरली आणि स्कूटर काढली. मग म्हणाली, “पुढच्या लाँग वीकेंडला कुठे जायचं मावशी?”

मी म्हटलं, “पुण्याला येते. तुझ्या घरापासून तुझ्या ऑफिसपर्यंत चालू. कुठे पदपथ संपतो, किती रुंद आहे, कोण बसतं, कुणाची गाडी, सगळं वहीत लिहून घेऊ. तीन दिवस सहज लागतील.”

“तिथे बघण्यासारखं काय आहे?”

“तेच बघू.”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ये. पण गुडघ्याला पट्टा बांधून ये.”